विठोजीरावांचा मिरर मागे पडतो

पीण्या औद्योगिक क्षेत्रातला लेथ मशिनींचा आवाज जिथे विरत जातो, तिथून थोडं पुढे एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे. त्या कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या थंडगार खोलीत विठोजीरावांचं राज्य होतं. कागदोपत्री ते व्ही. विठोजी राव. घरचं आडनाव मोहिते, पण बेंगळुरात नावामागे राव लागला की आडनावाची चौकशी कुणी करत नाही. आपले पूर्वज फौजेबरोबर घोड्यावर बसून इकडे आले आणि इथलं हवापाणी आवडलं म्हणून परत गेले नाहीत, असं ते सांगत. बायको राजलक्ष्मी म्हणे, "घोडा दमला असेल. नाहीतर तुमच्या घरातला माणूस स्वतःहून कुठं थांबतोय?"

विठोजीराव आयटीआय करून आधी पीण्यातल्याच एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरची वायर गुंडाळत होते. कारखाना बंद पडला आणि ते या कॉलेजात लॅब टेक्निशियन म्हणून लागले. तिथे एक तरुण प्राध्यापक होता. त्याने हौसेने जिन्याखालच्या खोलीत एक मोठं मशीन बसवलं होतं. एक दिवस तो विठोजीरावांना म्हणाला, "सर, हे स्वल्प बघत राहा, मी आलोच." तो गेला तो कॅनडाला. त्याला जाऊन आता इतकी वर्षं झाली की त्याची मुलं तिकडे कॉलेजात जायला लागली असतील. मशीन मात्र विठोजीरावांकडेच राहिलं.

हे मशीन म्हणजे मिरर. एक फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम आहे, तिचं मूळ भांडार युरोपात. सगळं जग एकाच दारात उभं राहिलं तर चेंगराचेंगरी व्हायची, म्हणून देशोदेशीच्या संस्था त्या भांडाराची हुबेहूब नक्कल आपल्याकडे ठेवतात आणि जवळपासच्या लोकांना तिथून माल देतात. मूळ भांडारात रोज काय नवं आलं ते बघायचं, तेवढं ओढून आणायचं, बाद झालेलं काढून टाकायचं. याला सिंक म्हणतात. सिंक नीट झाला तर मिरर ताजा. नाही झाला तर मिरर मागे पडतो, आणि फार मागे पडला तर मूळ भांडारवाले त्याचं नाव आपल्या यादीतून काढून टाकतात. मग त्याच्याकडे कुणी फिरकत नाही.

विठोजीरावांना या मिररचा अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत. लग्नाकार्यात कुणी विचारलं, काय काम करता, तर ते सांगत, "आसाम ते केरळ, माणसं आमच्याकडून घेऊन जातात." काय घेऊन जातात ते ऐकणाऱ्याला कळत नसे. राजलक्ष्मीच्या चुलत बहिणीला तर बरीच वर्षं वाटत होतं की भावोजी काचेच्या धंद्यात आहेत.

अशा या विठोजीरावांना एका सकाळी मूळ भांडाराकडून ईमेल आली. ईमेल माणसाने लिहिलेली नव्हती, पण तिचा सूर मात्र पगार कापणाऱ्या साहेबाचा होता. तुमचा मिरर बरेच दिवस मागे आहे, तो गेल्या आठवड्यातच यादीतून काढण्यात आला आहे, सुधारणा झाल्यास परत घेऊ.

विठोजीरावांनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि उठून मशिनीच्या पाठीवर हात ठेवला. मशीन गरम नव्हतं. दिवे लुकलुकत होते. पंखे फिरत होते.

"माझ्या मशिनीला काही झालेलं नाही," ते मोठ्याने म्हणाले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

नेमके त्याच सुमाराला प्रिन्सिपल भीमसेन यांनी कॉलेजच्या माहितीपत्रकात 'आमची राष्ट्रीय डाउनलोड सेवा' असं ठळक अक्षरात छापून घेतलं होतं. दोनच दिवसांनी तपासणी समिती यायची होती. भीमसेन म्हणजे उंच, गोरा, हळू आवाजात धमकी देणारा माणूस. त्यांनी विठोजीरावांना बोलावलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "राव, समितीने ती यादी उघडली आणि त्यात आपलं नाव नसलं, तर मी काय सांगू?"

"असेल सर. होईल सर," विठोजीराव म्हणाले.

"काय होईल ते मला नको. कधी होईल ते सांगा."

विठोजीराव "सरी सर" म्हणून बाहेर आले. सरी हा शब्द फार सोयीचा. त्यात होकारही असतो आणि पळवाटही.

खोलीत येऊन त्यांनी सिंकचा हिशोब बघितला, तर रोजचंच दृश्य. पहाटे हॉस्टेलची पोरं सिनेमे बघून झोपली की सिंक सुरू होत होता. पूर्वी तो दुपारच्या जेवणाआधी संपे. आता सकाळी थोडा धावायचा, मग रांगायला लागायचा आणि संध्याकाळी हॉस्टेल जागं झालं की मध्येच दम तोडायचा. त्यात त्या ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती नुकतीच निघाली होती, म्हणजे ओढून आणायचा माल नेहमीच्या कितीतरी पट. रोज थोडं आत येत होतं आणि रोज त्याहून जास्त बाहेर साचत होतं.

कुणीतरी आपली बँडविड्थ खातंय, हे विठोजीरावांनी ताडलं. इथवर त्यांचं बरोबर होतं.

मग त्यांनी मिररवरून सगळ्यात जास्त कोण ओढतंय ते शोधलं. एक पत्ता सापडला. एकच गिऱ्हाईक, पण एका वेळी ढीगभर हात पसरून बसलेलं. पत्ता आनेकलच्या बाजूचा. "सापडला चोर!" म्हणत विठोजीरावांनी तो पत्ता बंद केला आणि समाधानाने कॉफी प्यायला गेले.

कॉफी पिऊन आले तरी सिंक रांगतच होता.

जिन्यातून उल्का मॅडम उतरत होत्या. उल्का भिडे मूळच्या पुण्याच्या, वर्षभरापूर्वी कॉम्प्युटर लॅबच्या प्रमुख म्हणून आलेल्या. राहायला बेळ्ळंदूरला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. नवरा अद्वैत आयटीत, तो घरून काम करायचा. तो पलंगावरून खुर्चीवर जाई तेवढ्या वेळात उल्काबाई रिंग रोडच्या पहिल्या सिग्नललाही पोचलेल्या नसत. त्यामुळे सकाळी त्यांच्याशी बोलताना जरा जपूनच बोलावं लागे.

विठोजीरावांचं आणि त्यांचं पहिल्याच दिवशी बिनसलं होतं. मराठी माणूस भेटला म्हणून विठोजीराव आनंदाने म्हणाले होते, "मॅडम, स्वल्प थांबा, कॉफी सांगतो." त्यावर त्या हसून म्हणाल्या, "स्वल्प काय? थोडं म्हणा ना. तुमचं मराठी फारच क्यूट आहे हं." घोड्यावरून आलेल्या घराण्याला क्यूट हा शब्द लागला. "मग स्वल्पविराम कुठून आला मॅडम? तो तर तुमच्या पुण्यातच शिकवतात," असं म्हणून विठोजीराव कॉफी न सांगताच निघून गेले होते. नंतर बाईंनी लॅबच्या मशिनींसाठी मिररचा आतला पत्ता मागितला, तेव्हा ते म्हणाले, "लेखी अर्ज द्या. बघू." बाईंनी अर्ज दिला नाही. विठोजीरावांनी बघितलं नाही. तेव्हापासून दोघंही एकमेकांशी अतिशय सभ्यपणे वागत होते.

"काय झालं विठोजीराव? चेहरा का असा?" उल्काबाईंनी विचारलं.

विठोजीरावांनी नाइलाजाने सांगितलं. आनेकलचा चोर पकडला, तरी सिंक सुधारत नाही.

"पण तो तर आपल्याकडून नेतोय ना? ती बाहेर जाणारी लेन झाली. तुमचा सिंक आत येणाऱ्या लेनमध्ये अडकलाय. आउटगोइंग बंद करून इनकमिंग कसं मोकळं होईल? मी रोज बेळ्ळंदूरहून येते, समोरची बाजू रिकामी असली म्हणून माझी बस कधी हलली नाही."

विठोजीरावांना हे पटलं, म्हणूनच राग आला. "ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "सुम्ने, उगीच आपली खबरदारी म्हणून बंद केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खबरदारी स्वतः बसने आली. पन्नाशीची ठसठशीत बाई, कपाळावर मोठं कुंकू, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात रुमालात बांधलेली हार्ड डिस्क. शिपायाला न जुमानता ती थेट जिन्याखालच्या खोलीत शिरली.

"ओ अण्णा, तुम्हीच का ते मिररवाले? मी यल्लव्वा. आनेकलची. मला का बंद केलंत?"

यल्लव्वा मूळची बेळगावकडची, लग्न होऊन आनेकलला आलेली, म्हणून मराठी बोलत होती. आनेकलात कारखान्यांतल्या कामगारांच्या मुलींसाठी ती कॉम्प्युटरचा क्लास चालवत होती. मशीन जुन्या, विकतचं सॉफ्टवेअर परवडणार नाही, म्हणून सगळा कारभार या फुकटच्या सिस्टीमवर, आणि ती विठोजीरावांच्या मिररवरून.

"तुमच्या एकाच पत्त्यावरून इतके हात कसे काय?" विठोजीरावांनी दरडावून विचारलं.

"लवकर उतरवायचं सॉफ्टवेअर टाकलंय. ते एका फायलीचे तुकडे करून सगळीकडून ओढतं. आमच्याकडे करंट कधी जाईल भरवसा नाही, मग काय, हळूहळू ओढत बसू? आणि काही दिवस तुमचं काय चाललंय ते तरी सांगा! नवीन गोष्टींची नावं यादीत दिसतात, उतरवायला गेलं की फाइल नाही म्हणतं. पाटीवर वांगी लिहिलीत आणि टोपलीत वांगी नाहीत. असं कुणी दुकान चालवतं काय?"

हा घाव मात्र खोल बसला. मिरर मागे पडलाय हे त्यांना माहीत होतं. पण तो अर्धवट झालाय, यादी नवी आणि माल जुना अशी दशा झालीय, आणि त्यामुळे कुठेतरी एका वर्गातल्या मुली हात चोळत बसल्यात, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. इतकी वर्षं 'आसाम ते केरळ' म्हणताना माणसाचं तोंड त्यांनी कधी बघितलं नव्हतं. आज पहिल्यांदाच आलं होतं, आणि तेही रागाने लाल होऊन.

"बसा अक्का," ते एकदम नरम होऊन म्हणाले. "डिस्क द्या. जेवढं पुरं आहे तेवढं आत्ता भरून देतो. आणि तुमचा पत्ता सोडतो."

यल्लव्वा बसली. खोलीतला गारवा अंगाला लागताच तिने पदर लपेटून घेतला आणि पिशवी मशिनीच्या बाजूला ठेवली. पिशवीत ताज्या अवरेकाळूच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा होत्या. भांडण मिटलं तर द्यायच्या, नाही मिटलं तर परत न्यायच्या, असा तिचा विचार होता.

डिस्क भरायला लागली. पडद्यावर एका बाजूला सिंकचा वेग दिसत होता. आकडा इतका लहान होता की विठोजीरावांनी तो यल्लव्वाला दिसू नये म्हणून खुर्ची जरा पुढे घेतली.

तेवढ्यात करंट गेला.

वरच्या मजल्यावरून मुलांचा जल्लोष ऐकू आला. लॅबची बॅटरी कधीची मेलेली, त्यामुळे तिकडे सगळं ठप्प. जिन्याखालच्या खोलीला मात्र स्वतंत्र बॅटरी होती. दिवा गेला, मशीन चालूच राहिलं. आणि अंधारात पडद्यावरचा तो केविलवाणा आकडा हलला. दुप्पट झाला. पाहता पाहता फुगला. ज्या सिंकला इतके दिवस ढकलत होते, तो दावं तुटलेल्या खोंडासारखा उधळला.

"अय्यो!" विठोजीराव उठून उभे राहिले. "हे काय झालं?"

"काय झालं? बिघडलं काय?" यल्लव्वा घाबरली.

"बिघडलं नाही! बरं झालं! अक्का, बरं झालं!"

उल्काबाई मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली आल्या होत्या. लाइट कधी येणार, हे विचारायला आल्या आणि बघतात तर विठोजीराव अंधारात एका अनोळखी बाईसमोर हात वर करून उभे. त्या दारातच थबकल्या.

"मॅडम, आत या, हे बघा!"

त्यांनी बघितलं. पडद्याकडे, मग वरच्या छताकडे, मग परत पडद्याकडे. बोलायच्या आत करंट आला. वर खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले, मुलं परत बसली, मशीन एकेक करून सुरू झाल्या. आणि पडद्यावरचा आकडा तसाच एकेक पायरी उतरत पुन्हा रांगायला लागला.

आता विठोजीरावांनीही मान वर करून छताकडे बघितलं.

"चोर घरातच आहे," विठोजीराव म्हणाले.

"माझ्या लॅबमध्ये," उल्काबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

तिघं वर गेली. यल्लव्वाला कुणी बोलावलं नव्हतं, पण आता ती काही मागे राहणाऱ्यातली नव्हती. उल्काबाईंनी पहिल्याच मशिनीवर बसून तपासलं. मशीन सुरू होताच अपडेट ओढत होती. ओढत होती ती सिंगापूरच्या मिररवरून. शेजारची मशीनही सिंगापूर. तिच्या शेजारची, तीही. अख्खी लॅब सिंगापूरला निघाली होती.

"पण रोज रोज कसले अपडेट?" विठोजीरावांनी विचारलं. "एकदा घेतले की झाले ना?"

उल्काबाईंनी ओठ चावला. मुलं मशिनींवर वाटेल ते उद्योग करत, पडद्यावर हिरोंचे फोटो लावत, कीबोर्डची भाषा बदलून ठेवत. म्हणून बाईंनी सगळ्या मशीन गोठवून टाकल्या होत्या. मशीन बंद करून चालू केली की ती झालेलं सगळं विसरून पहिल्यासारखी कोरी. मुलांचे उद्योग पुसले जात, हे खरं. पण त्याबरोबर अपडेटही पुसले जात होते. प्रत्येक तासाला नवी बॅच येई, मशीन चालू करी आणि तेच अपडेट पुन्हा पहिल्यापासून.

"म्हणजे रोज जेवायचं, आणि रोज विसरायचं की जेवलो," यल्लव्वा म्हणाली. "माझ्या सासऱ्यांचं असंच होतं."

"पण सिंगापूर कशाला? आम्ही खाली मेलो होतो काय?" विठोजीराव कळवळून म्हणाले.

आता उल्काबाई उसळल्या. "कारण तुम्ही मला लोकल ॲड्रेस दिला नाहीत! लेखी अर्ज द्या म्हणालात! मी मग सेटिंग डिफॉल्टवर ठेवलं. यादीतला जो मिरर सगळ्यात जवळ, तिकडे मशीन आपोआप जाते. इतके दिवस तुमच्याकडेच येत होत्या, म्हणून कुणाला कळलंच नाही. तुम्ही यादीतून उडालात आणि..."

त्या बोलता बोलता थांबल्या. विठोजीरावही थांबले. दोघांनाही ते एकदमच दिसलं. नवी आवृत्ती आली म्हणून मिरर जरासा मागे पडला. मागे पडला म्हणून यादीतून उडाला. यादीतून उडाला म्हणून लॅब सिंगापूरला जायला लागली. लॅब सिंगापूरला गेली म्हणून आत येणारी वाट तुंबली, आणि वाट तुंबली म्हणून मिरर आणखी मागे पडला.

"म्हणजे," विठोजीराव हळूच म्हणाले, "खालच्या टाकीतलं पाणी सोडून पोरं घागरी घेऊन सिंगापूरला चालली. आणि त्यांच्या गर्दीत आपला टँकर काही गेटातून आत येईना."

"एक्झॅक्टली," उल्काबाई म्हणाल्या. मग मशिनीवरून उठत, "सॉरी."

"मीही," विठोजीराव म्हणाले. एवढंच. पण बेंगळूरकर मराठा आणि पुणेकर प्राध्यापिका यांच्यात याहून जास्त बोलणं शक्यही नव्हतं.

उपाय सोपा होता. लॅबच्या मशीन विठोजीरावांच्या मिररकडे वळवायच्या, गोठवणं सैल करायचं. पण मिररच जुना, तिकडून मशिनींना मिळणार काय? आधी मिरर ताजा व्हायला हवा, आणि त्याला अख्खा दिवस वाट मोकळी हवी. समिती तर दुसऱ्याच दिवशी येणार होती.

भीमसेन सरांनी लॅब बंद करायला साफ नकार दिला. "समिती येणार आणि लॅबला कुलूप? मुलं मशिनीसमोर बसलेली दिसली पाहिजेत."

"बसलेली दिसतील सर," उल्काबाई म्हणाल्या. "फक्त नेटवर्क नसेल. प्रोग्रॅम लिहायला नेट कशाला लागतं?"

भीमसेन सरांना हा विचार नवीन होता. ते हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विठोजीराव स्वतः खोल्याखोल्यांतून फिरून नेटच्या वायरी काढत गेले. लायब्ररीने कुरकुर केली. ऑफिसातल्या बायका पाककृतीचा व्हिडिओ बघत होत्या. त्या म्हणाल्या, "राव सर, फोडणी तरी बघू दे." लॅबमधल्या मुलांचे चेहरे तर असे झाले जणू खोलीतली हवाच काढून घेतली. एकाने विचारलं, "सर, उत्तर अडलं तर कुणाला विचारायचं?" उल्काबाई म्हणाल्या, "मला. मी त्याचा पगार घेते." वर्गात पहिल्यांदाच कुणीतरी हे ऐकत होतं.

शेवटी विठोजीराव प्रिन्सिपलच्या खोलीत गेले.

"माझी वायर बेड, राव, काढू नका," भीमसेन म्हणाले. "मी एकटा असा किती खाणार? स्वल्पच."

विठोजीरावांनी पडद्याकडे बघितलं. तिथे क्रिकेटचा सामना चालू होता. त्यांनी वाकून वायर काढली.

सिंक धावत सुटला. विठोजीराव जेवायलाही उठले नाहीत. राजलक्ष्मीने दिलेला चित्रान्नाचा भात डब्यातच राहिला. यल्लव्वाही हजर होती. आदल्या दिवशी तिच्या डिस्कमध्ये जुना माल भरला गेला होता आणि नवा घेतल्याशिवाय ती आनेकलला जायला तयार नव्हती. रात्री ती पीण्यातल्या नणंदेकडे राहिली आणि सकाळीच येऊन बसली. शेंगांची पिशवी अजून मशिनीशेजारीच होती, कारण कॉलेजात तेवढी गार जागा दुसरी नव्हती.

समिती दुपारी आली. अध्यक्ष एक केस पिकलेल्या बाई होत्या, फारसं हसत नव्हत्या. लॅबमध्ये मुलं मान खाली घालून प्रोग्रॅम लिहिताहेत आणि प्राध्यापिका बाकाबाकापाशी जाऊन समजावतेय, हे बघून त्या दारातच थांबल्या. "असं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. भीमसेन सर नम्रपणे म्हणाले, "आमची जुनीच पद्धत आहे, मॅडम."

मग सगळे जिन्याखाली आले. भीमसेन सरांनी राष्ट्रीय सेवेवर भाषण सुरू केलं. अध्यक्षबाईंनी मध्येच विचारलं, "पण ही सेवा वापरतं कोण?" आणि मग त्यांचं लक्ष कोपऱ्यात पदर लपेटून बसलेल्या यल्लव्वाकडे गेलं. "या कोण?"

"या आमच्या ग्रामीण विस्तार कार्याच्या..." भीमसेन शब्द शोधत होते.

"मी यल्लव्वा. आनेकलला क्लास चालवते," तिने कन्नडमध्ये सांगून टाकलं. "मी हेच वापरते. यांनी मला बंद केलं होतं, म्हणून भांडायला आले होते."

विठोजीरावांनी डोळे मिटून घेतले.

"मग?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मग काय? भांडले. आता हे सगळं दुरुस्त करतायत. माणूस चांगला आहे. फक्त आधी बंद करतो आणि मग विचार करतो."

अध्यक्षबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि क्लासबद्दल विचारायला लागल्या. मुली किती शिकतात, पुढे काय करतात. यल्लव्वा सांगत राहिली. शिकलेली एक मुलगी आता बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात स्टोअरचा कॉम्प्युटर बघते, दुसरीने गावात झेरॉक्सचं दुकान काढलंय. भीमसेन सरांचं भाषण तसंच राहिलं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. विठोजीराव मात्र ऐकत होते. हातातला माउस त्यांनी कधी सोडून दिला ते त्यांना कळलं नाही.

सिंक पुरा झाला तेव्हा समिती निघून गेली होती. उल्काबाईंनी दोनदा तपासलं, यादीतला प्रत्येक माल टोपलीत आहे की नाही. होता. यल्लव्वाची डिस्क भरली. ती उठली, शेंगांची पिशवी विठोजीरावांच्या हातात दिली आणि म्हणाली, "सोलून ठेवा म्हणावं वहिनींना. जून झाल्या की चव जाते." आणि बस पकडायला गेली.

मूळ भांडाराने मिररला परत यादीत घेतलं ते दुसऱ्या दिवशी. त्याची ईमेलही माणसाने लिहिलेली नव्हती, दोनच ओळींची होती. विठोजीरावांनी ती उल्काबाईंना दाखवली. बाईंनी वाचून त्यांच्याकडे बघितलं. "विठोजीराव, सिंकची वेळ बदलूया का? आणि आधीचा सिंक संपायच्या आत दुसरा सुरू होऊन दोन्ही एकमेकांच्या पायात येत नाहीत ना, ते पण बघायला हवं."

एरवी या वाक्यावर विठोजीराव म्हणाले असते की लेखी द्या. त्यांनी ड्रॉवरमधून खोलीची दुसरी किल्ली काढून बाईंपुढे ठेवली. "बघा तुम्ही. मी आणखी किती दिवस आहे? येत्या वर्षी रिटायर. कुणीतरी यायलाच हवं, नाहीतर मलाही कॅनडाला जायला लागेल."

समितीचा अहवाल महिन्याने आला. भीमसेन सरांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. अध्यापनाची स्तुती होती. मिररबद्दल लिहिलं होतं, 'उपयुक्त सेवा, वापरणाऱ्यांशी थेट संबंध उल्लेखनीय.' आणि खाली सूचना होती, 'सर्व्हरच्या खोलीत भाजीपाला ठेवू नये.'

"भाजीपाला?" भीमसेन सर गोंधळले. "कसला भाजीपाला?"

विठोजीराव आणि उल्काबाई दोघंही खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या रविवारी उल्काबाई आणि अद्वैत गवीपुरमला विठोजीरावांच्या घरी जेवायला गेले. राजलक्ष्मीने सारू, म्हणजे इकडची पातळ आमटी, वाढला. उल्काबाईंनी विचारलं, "थोडा अजून मिळेल का?"

"स्वल्पच उरलाय," राजलक्ष्मी म्हणाली, आणि ताटात पळीभर ओतून मोकळी झाली.